राखीव जागा आणि कर्मवीरांची शिदोरी

उच्च शिक्षणातील राखीव जागांचा प्रश्न निघाला की आपल्याकडे चर्चेला तोंड फुटते ते टक्केवारीपासून. किती टक्के, कोणाला, किती वर्षे आणि कोणाच्या वाट्यातून, या चार प्रश्नांभोवती सारा वाद फिरत राहतो. एक पक्ष गुणवत्तेची हानी होते म्हणून हळहळतो, तर दुसरा पक्ष शतकांच्या अन्यायाचा हिशेब मांडतो. दोन्ही पक्षांच्या बोलण्यात तथ्य किती आणि आवेश किती हा भाग वेगळा. परंतु दोघांचीही एक समजूत समान आहे. महाविद्यालयाच्या दारात जे घडते तेवढेच न्यायाचे वा अन्यायाचे क्षेत्र, असे दोघेही गृहीत धरतात. त्या दारापर्यंत मुलगा कसा येऊन पोहोचतो, वाटेत त्याला कोण जेवू घालतो, कोठे निजतो, आणि त्याच्याबरोबर निघालेली किती मुले मध्येच माघारी वळतात, याची मोजदाद करण्याच्या फंदात फारसे कोणी पडत नाही. ही मोजदाद ज्याने आयुष्यभर केली असा एक माणूस आपल्याच भागात होऊन गेला. राखीव जागांच्या वादात कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव सहसा निघत नाही. ते निघावयास हवे, एवढेच सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

आजच्या सांगली जिल्ह्यातील काही तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. शिक्षणाच्या हक्काचा इतिहास लिहावयाचा झाल्यास या टापूला वगळून तो लिहिताच येणार नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे शूद्रातिशूद्रांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडणार्‍या जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण खटाव तालुक्यातले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातार्‍याच्या सरकारी शाळेत सुभेदार रामजींच्या ज्या मुलाचे नाव दाखल झाले, त्यानेच पुढे देशाची राज्यघटना घडविली. आणि भाऊरावांचे घराणे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. त्यांचा जन्म मात्र आजोळी, हातकणंगले तालुक्यातील कुंभोज येथे, २२ सप्टेंबर १८८७ रोजी झाला.

घराणे जैन आणि पाटीलकीचे. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून असल्यामुळे बदल्यांच्या निमित्ताने घर गावोगाव फिरत असे. म्हणजे भाऊराव हे अस्पृश्य नव्हते, भूमिहीन नव्हते, आणि उपाशीही नव्हते. हे ध्यानात ठेवले पाहिजे. कारण पुढे त्यांनी जे केले ते स्वतःच्या जातीच्या वाट्यासाठी केले, असे कोणालाही म्हणता येणार नाही. विहिरीवर अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत हे पाहून लहानपणी त्यांनी विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी आठवण सांगतात. ती जशीच्या तशी घेतली नाही तरी हरकत नाही. पुढच्या आयुष्याशी ती विसंगत नाही एवढे खरे.

शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले, तेव्हा तेथे शाहू महाराजांचे राज्य होते. महाराजांनी १८९४ मध्ये कारभार हाती घेतला त्या वेळी संस्थानच्या सामान्य प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर एकाच जातीचे लोक होते. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी हुकूम काढून रिकाम्या होणार्‍या सरकारी जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. भारतातील राखीव जागांच्या इतिहासात हा हुकूम आरंभीचा समजला जातो आणि त्याचा उल्लेख दरवर्षी भाषणांतून होतो. ज्याचा उल्लेख कमी होतो तो भाग असा की, हुकूम काढण्याच्या आधीपासूनच महाराजांनी वसतिगृहांचे काम हाती घेतले होते. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी आणि जैन विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली. पुढे मुसलमान, लिंगायत आणि इतर समाजांची निघाली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उघडले. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचे पाऊल त्यांनी उचलले. जागा राखल्या, पण त्या जागेवर बसावयास शिकलेला माणूसच नसेल तर हुकूम कागदावर राहील, हे या राजाने जाणले होते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर मागणीची हमी देताना त्याने पुरवठ्याचीही तजवीज केली होती.

याच कोल्हापुरात, जैन वसतिगृहात राहून, भाऊराव राजाराम हायस्कुलात शिकत होते. अभ्यासात त्यांची गती बेताचीच होती आणि पुढे मॅट्रिकपर्यंतही त्यांची मजल गेली नाही. आज गुणवत्ता या शब्दाचा जो अर्थ आपण लावतो त्या अर्थाने हा विद्यार्थी अगदी सामान्य गणला गेला असता. मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला ते हजर राहिले. परत आल्यावर, अस्पृश्यांच्या कार्यक्रमास गेला होतास तेव्हा स्नान करूनच भोजनगृहात ये, असा नियम त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. त्यांनी स्नान करण्याचे नाकारले आणि वसतिगृह सोडले. काही काळ त्यांना महाराजांच्याच वाड्यात आसरा मिळाला. ज्याला जेवणाच्या पंगतीतून जातीच्या कारणाने उठावे लागले, त्याने पुढे आयुष्यभर एकच पंगत मांडली.

त्या वसतिगृहाचे प्रमुख अण्णासाहेब लठ्ठे होते. काही वर्षांनी, १९१४ मध्ये, कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण झाले आणि त्यात लठ्ठ्यांना गोवण्यासाठी भाऊरावांनी साक्ष द्यावी असा दबाव त्यांच्यावर आला. त्यांनी खोटी साक्ष देण्यास साफ नकार दिला, तेव्हा त्यांनाच अटक झाली, मारहाण झाली आणि तुरुंगवास भोगावा लागला. हे लठ्ठे पुढे १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. ज्याच्या वसतिगृहातून आपण बाहेर पडलो त्याच्यासाठी तुरुंग पत्करणार्‍या माणसाच्या मनात सूडाला जागा नव्हती, हे राखीव जागांच्या वादात सूडाची भाषा वापरणार्‍या सर्वांनीच, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, लक्षात घेण्याजोगे आहे.

ज्ञानदेव घोलप यांची हकीकत तर आजच्या वादाला थेट भिडणारी आहे. शाळेच्या बाहेर बसून शिकू पाहणारा हा अस्पृश्य मुलगा भाऊरावांच्या दृष्टीस पडला. त्यांनी त्याला आपल्याबरोबर नेले आणि कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृहात त्याच्या शिक्षणाची व्यवस्था केली. हेच घोलप पुढे मुंबईच्या कायदे कौन्सिलाचे सभासद झाले. सवलती आर्थिक निकषावर द्याव्यात, जातीचा विचार नको, असे म्हणणार्‍यांना या प्रसंगाने एक साधा प्रश्न विचारला आहे. शाळा होती, मास्तर होते, मुलगाही हजर होता. मग तो बाहेर का बसला होता? त्याच्या बापाकडे फी नव्हती म्हणून नव्हे. गरीब मराठ्याच्या मुलापाशी पैसा नव्हता, परंतु वर्गात बसण्याची जागा होती. महाराच्या मुलापाशी पैसाही नव्हता आणि जागाही नव्हती. या दोन अडचणी एकत्र नांदतात हे खरे असले तरी त्या एक नव्हेत, आणि एकीवरचे औषध दुसरीला लागू पडत नाही. दारिद्र्यावर शिष्यवृत्तीचा उतारा चालतो. बहिष्कारावर मात्र हक्काची जागाच लागते.

मधल्या काळात भाऊरावांनी उपजीविकेसाठी नाना उद्योग केले. सातार्‍यात खाजगी शिकवण्या घेतल्या, त्यामुळे ते पाटील मास्तर म्हणून ओळखले जाऊ लागले. १९१० च्या सुमारास सांगलीजवळच्या दुधगावात मित्रांच्या साहाय्याने त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक आश्रम काढला. पुढे ओगले काच कारखाना आणि किर्लोस्करांचा कारखाना यांचे विक्रेते म्हणून ते खेडोपाडी हिंडले. लोखंडी नांगर विकण्यासाठी शेतकर्‍याच्या ओसरीवर बसणार्‍या या माणसाला खेड्याचे अर्थकारण जितके कळले तितके ते पुस्तकांतून कळणे शक्य नव्हते. शेतकर्‍याचा मुलगा शाळेत का जात नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यांना बांधावर मिळाले. शाळेची फी ही त्या कुटुंबाची मोठी अडचण नव्हतीच. दहा-बारा वर्षांचा मुलगा गुरे राखतो, मोट हाकतो, रोजगाराचे चार आणे आणतो. तो शाळेत गेला की हे सारे बुडते आणि वर परगावी त्याच्या पोटाचा खर्च वाढतो. बुडालेला रोजगार हा शिक्षणाचा सर्वांत मोठा खर्च असतो, हे आम्ही वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवितो. भाऊरावांनी त्यावर तोडगा काढला.

सातारचे उद्योगपती धनजीशहा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांनी बरीच खटपट केली. नफ्यातील हिस्सा शिक्षणकार्याला मिळेल ही अपेक्षा होती. ती फलद्रूप झाली नाही आणि दोघांचे संबंध तुटले. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री होते. श्रीमंतांच्या आश्वासनावर गरिबांचे शिक्षण उभे राहत नाही, हा धडा भाऊरावांना येथे मिळाला असावा. त्यानंतरचा त्यांचा सारा भर मूठमूठ धान्यावर आणि विद्यार्थ्यांच्या श्रमावर राहिला.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक कार्यकर्त्यांच्या साहाय्याने रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. त्याच वर्षी सांगलीत डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले होते. कृष्णाकाठी एकाच वर्षी घडलेल्या या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. विलिंग्डनमुळे दक्षिण महाराष्ट्राच्या दाराशी उच्च शिक्षण आले आणि तेथून विद्वानांच्या पिढ्या बाहेर पडल्या. त्याचे ऋण कोणीही नाकारू नये. परंतु जो मुलगा मॅट्रिकपर्यंत पोहोचला त्याच्यासाठीच ते दार होते. काल्याच्या वसतिगृहात जो मुलगा आला त्याला मॅट्रिक ही काय वस्तू आहे तेही ठाऊक नव्हते. एकाने शिखर बांधले, दुसर्‍याने पायर्‍या. पायर्‍यांवाचून शिखर हे ज्यांची घरे आधीच डोंगरावर आहेत त्यांचेच राहते.

१९२४ मध्ये भाऊरावांनी सातार्‍यात वसतिगृह काढले. १९२७ च्या फेब्रुवारीत महात्मा गांधी तेथे आले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. कोल्हापुरात प्रत्येक जातीचे वसतिगृह स्वतंत्र होते. त्या काळात ते अपरिहार्य होते. कारण आपल्या मुलाने परजातीच्या पंगतीत बसावे हे पालकांना मानवणारे नव्हते. भाऊरावांनी त्यापुढचे पाऊल टाकले. त्यांच्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सारी मुले एका छपराखाली राहत, एकाच चुलीवरचे जेवत, आणि स्वयंपाक, पाणी, सफाई ही कामे पाळीने करीत. भांडी घासण्याच्या पाळीत जात विरघळते हे समाजशास्त्रातील मोठे सत्य त्यांनी कोणताही प्रबंध न लिहिता सिद्ध केले.

या प्रपंचाची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोजली. मुलांच्या जेवणासाठी त्यांचे दागिने एकेक करून गेले आणि अखेर मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. राखीव जागांमुळे सर्वसाधारण वर्गाचे नुकसान होते असे म्हणणार्‍यांनी हेही विचारात घ्यावे की, प्रत्येक सामाजिक न्यायाची किंमत कोणीतरी भरतच असते. प्रश्न इतकाच असतो की, ती राज्याने सर्वांकडून थोडी थोडी घ्यावयाची की एखाद्या लक्ष्मीबाईच्या गळ्यातून सगळी ओढून घ्यावयाची.

१९३२ च्या सप्टेंबरात पुणे करार झाला. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघांऐवजी कायदेमंडळांत राखीव जागा मिळाल्या. देशभर त्यावर वादळ उठले असताना भाऊरावांनी त्या कराराच्या स्मरणार्थ पुण्यात युनियन बोर्डिंग काढले. स्पृश्य आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांनी एकत्र राहावे हा त्यामागील उद्देश. भाऊराव राखीव जागांच्या तत्त्वाकडे कोणत्या दृष्टीने पाहत होते, याचे याहून स्पष्ट उत्तर मागण्याचे कारण नाही. करार सभागृहात झाला; त्याला घर मिळाले पाहिजे, असे त्यांना वाटले. राखीव जागा म्हणजे कोणाला तरी वगळण्याची तरतूद, असे न समजता आत आलेल्यांनी एकत्र राहण्याची सुरुवात, असा तिचा अर्थ त्यांनी लावला.

पुढची पंचवीस वर्षे म्हणजे एका वडाच्या पारंब्या जमिनीत रुजण्याची कहाणी आहे. संस्थेचे बोधचिन्हही वटवृक्षच आहे. १९३५ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी सातार्‍यात प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय निघाले. शिक्षकांअभावी ज्या वाड्यावस्त्यांवर सरकारी शाळा पोहोचत नव्हती तेथे संस्थेने शेकडो प्राथमिक शाळा उघडल्या. १९४० मध्ये महाराजा सयाजीरावांच्या नावाने सातार्‍यात हायस्कूल सुरू झाले. तेथे कमवा आणि शिका ही योजना रुजली: विद्यार्थ्याने शेतात, बागेत, बांधकामावर राबावे आणि त्या श्रमातून आपले शिक्षण भागवावे. जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या दोन महिने आधी, सातार्‍यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज निघाले. नाव बदलण्याच्या अटीवर शिवाजी कॉलेजला देऊ केलेली मोठी देणगी त्यांनी परत फिरविली. स्वातंत्र्यानंतर सरकारवर परखड टीका केल्यामुळे संस्थेचे अनुदान थांबले, तेव्हा शिक्षकांनी पगाराची वाट न पाहता काम केले आणि लोकांनी निधी जमविला. १९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण किताब मिळाला, पुणे विद्यापीठाने डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. मॅट्रिकही न झालेल्या या माणसाच्या नावाने आज सातार्‍यात विद्यापीठ आहे.

आता या चरित्राचा आजच्या वादाशी संबंध काय, असे कोणी विचारील. राखीव जागांचे विरोधक भाऊरावांच्या स्वावलंबनाचा दाखला देऊन म्हणू शकतील की, पाहा, सवलत न मागता घाम गाळून शिका हे त्यांनी शिकविले. हा अर्थ सोयीचा असला तरी खरा नाही. कमवा आणि शिका या योजनेचा लाभ कोणासाठी होता? ज्याच्या बापाला खर्च झेपत नव्हता त्याच्यासाठी. म्हणजे ती व्यवस्थादेखील एका अर्थाने राखीवच होती. सरकारी अनुदान हा लोकांचा हक्क आहे असे मानून त्यांनी त्यासाठी आग्रह धरला. अनुदानाच्या बदल्यात जीभ गहाण ठेवावयास मात्र ते तयार नव्हते. शिवाय गरिबाच्या मुलाने बीजगणित शिकण्यासाठी आधी खडी फोडावी आणि श्रीमंताच्या मुलाने मात्र थेट बीजगणितालाच बसावे, ही काही आदर्श समाजाची व्यवस्था नव्हे. साधने नसलेल्या काळात एका थोर माणसाने काढलेली ती वाट होती. श्रमाची प्रतिष्ठा म्हणून ती जपावी. परंतु राज्याने आपली जबाबदारी टाळण्यासाठी तिची ढाल करू नये.

गुणवत्तेच्या प्रश्नावरही या चरित्राचा साक्षीपुरावा आहे. परीक्षेतील गुण हे एक फलित आहे. त्यामागे घरातील पुस्तके, आईचे शिक्षण, पोटभर जेवण, अभ्यासाची खोली, शिकवणीची फी ही साधने असतात. दोन शेतांतील उत्पन्नाची तुलना करताना एकाला पाटाचे पाणी आहे आणि दुसरे कोरडवाहू आहे, हे कोणताही शेतकरी विसरत नाही. कृष्णाकाठच्या मळईतले उत्पन्न आणि माण-खटावच्या किंवा जत-आटपाडीच्या माळावरचे उत्पन्न पाहून कोणी पेरणार्‍याची लायकी ठरवीत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र आपण हटकून तसे करतो. रयतेच्या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. वसतिगृहाच्या दारात आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी गुणांच्या चाळणीतून चाळले असते, तर अशी किती माणसे आपण गमावली असती, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

परंतु राखीव जागांच्या समर्थकांनाही या चरित्राने काही सुनावले आहे, आणि ते ऐकून घेण्याची तयारी असावी. १९५१ मध्ये मद्रासच्या चंपकम दोराईराजन खटल्यानंतर घटनेत पहिली दुरुस्ती होऊन शिक्षणातील विशेष तरतुदींना आधार मिळाला. १९६२ मध्ये बालाजी खटल्यात पन्नास टक्क्यांच्या मर्यादेचे सूत्र पुढे आले. १९९२ मध्ये मंडल खटल्यात ते नोकर्‍यांच्या संदर्भात पक्के झाले. २००८ मध्ये केंद्रीय शिक्षणसंस्थांतील इतर मागासवर्गीयांच्या सत्तावीस टक्के जागा सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविल्या. २०१९ मध्ये आर्थिक दुर्बलांसाठी दहा टक्के आले आणि २०२२ मध्ये तेही मान्य झाले. मराठा समाजासाठी २०१८ मध्ये झालेला कायदा २०२१ मध्ये रद्द झाला, २०२४ मध्ये नवा कायदा आला, आणि २०२५ च्या सप्टेंबरात हैदराबाद गॅझेटविषयीच्या शासन निर्णयाबरोबर सातारा गॅझेटचेही नाव घराघरांत पोहोचले. सत्तर वर्षांत टक्क्यांची वही भरत गेली. वसतिगृहांची वही त्या मानाने कोरी राहिली. वर्गात शिकविताना दिसते ते असे की, राखीव जागेवर प्रवेश मिळालेला दूरच्या वस्तीवरचा मुलगा पहिल्याच वर्षी खोलीभाडे आणि खानावळ यांच्यापुढे हात टेकतो. त्याची जागा राखीव असते, ताट राखीव नसते.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. १९८३ मध्ये सांगलीच्याच वसंतदादा पाटलांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. महाराष्ट्रातील मुले कर्नाटकात देणग्या भरून शिकत होती. ती येथेच शिकावीत हा हेतू रास्त होता आणि त्यामुळे जागा वाढल्या हेही खरे. परंतु त्यानंतर उच्च शिक्षणाची वाढ मुख्यतः फी भरू शकणार्‍यांच्या बळावर झाली. २००५ मध्ये विनाअनुदान खाजगी संस्थांवर राज्याला राखीव जागा लादता येणार नाहीत असा निकाल लागला, आणि तो अडसर दूर करण्यासाठी घटनादुरुस्ती करावी लागली. तरी फीचा प्रश्न उरतोच. जेथे शासन फीचा भार उचलते तेथे मुलगा टिकतो. जेथे तो भार उशिरा किंवा अर्धवट उचलला जातो तेथे राखीव जागा ही केवळ एक रिकामी खुर्ची होते. शेतकरी समाजांत आज राखीव जागांची जी तीव्र मागणी दिसते, तिच्या मुळाशी शेतीचे घटते उत्पन्न आणि शिक्षणाची वाढती किंमत यांची कात्री आहे. सरकारी व अनुदानित जागा मोजक्याच आणि बाकीच्या महाग, अशा स्थितीत प्रत्येक समाज त्या मोजक्या जागांसाठी दुसर्‍याकडे संशयाने पाहू लागतो. टंचाईच्या बाजारात ग्राहक एकमेकांशी भांडतात. मालाचा पुरवठा का आटला हे दुकानदाराला कोणी विचारीत नाही.

यावरून राखीव जागा निरुपयोगी ठरतात असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्ञानदेव घोलपांना वर्गात जागा मिळाली नसती तर वसतिगृहातील जेवणाने त्यांचे फक्त पोट भरले असते. जातीचा अडथळा ज्या प्रमाणात उभा आहे त्या प्रमाणात जातीच्या निकषावरील जागा आवश्यकच राहतील. मात्र त्या जागेकडे जाणारी वाट बांधण्याचे काम स्वतंत्र आहे, आणि ते टक्केवारी वाढवून होत नाही. तालुक्याच्या गावी सर्व जातींच्या मुलामुलींना एकत्र राहता येईल अशी चांगली वसतिगृहे, महिन्याच्या महिन्याला हाती पडणारी शिष्यवृत्ती, वाडीवस्तीवर टिकून शिकविणारा प्रशिक्षित शिक्षक, आणि सरकारी खर्चाने वाढविलेल्या उच्च शिक्षणाच्या जागा, या चार गोष्टींचा ताळेबंद ज्या दिवशी विधिमंडळात टक्केवारीइतक्याच त्वेषाने मागितला जाईल, त्या दिवशी हा वाद पुष्कळसा निवळेल. मागणी करणार्‍या प्रत्येक समाजाच्या नेत्याला त्याच्या मतदारांनी एवढे विचारावे की, तुमच्या मोर्चात टक्क्यांचा फलक आहे, वसतिगृहाचा फलक कोठे आहे?

शाहू महाराजांनी जागा राखली आणि भाऊरावांनी त्या जागेवर बसणारा माणूस घडविला. ही दोन कामे एकमेकांची पूरक आहेत. पहिले काम हुकमाने, कायद्याने, न्यायालयाच्या निकालाने होते आणि त्याला एक दिवस पुरतो. दुसर्‍या कामाला चाळीस वर्षे लागतात, आणि त्यासाठी रोज सकाळी चूल पेटवावी लागते. स्वतंत्र भारताने पहिल्या कामात बरीच मजल मारली. दुसरे काम मात्र आपण कर्मवीरांच्या पुतळ्यावर सोपवून मोकळे झालो आहोत.